गाय दाखवायची आहे

बाबा कामाच्या वेळी कधी फोन करत नसत. त्यामुळे पावणेअकराला टेबलावरचा मोबाईल थरथरला आणि त्यावर 'बाबा' ही अक्षरं दिसली, तेव्हा विशाखा हातातली फाईल तशीच टाकून उठली. चौदा महिन्यांपूर्वी अशाच अवेळी आलेल्या फोनवर आई गेल्याचं कळलं होतं. तिनं रेकॉर्ड रूमच्या दोन कपाटांच्या मधल्या फटीत जाऊन फोन घेतला. मागून गायीचं हंबरणं ऐकू येत होतं, लांबलचक, मध्येच तुटणारं. मग ते म्हणाले, "गाय उलटली." एवढंच. तिला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्या सुटल्याची लाज वाटली. कृत्रिम रेतनाची कांडी भरल्यावर गाय एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर आली म्हणजे उलटली, गर्भ काही राहिला नाही, हे तिला ठाऊक होतं. बगळीची ही तिसरी खेप होती. "रविवारी कवडू येते न्यायले," बाबा म्हणाले. "तुले सांगून ठेवलं." आणि फोन बंद झाला. कवडू म्हणजे जनावरांचा दलाल. आटलेली, न फळणारी गाय तो कुठं नेतो, हे गावात कोणी त्याला विचारत नसे.

ती परत टेबलाशी येऊन बसली. समोर डिस्चार्ज झालेल्या पेशंटांच्या फायलींची चळत होती, त्यांना नंबर टाकायचे होते. रामदासपेठेतल्या या हॉस्पिटलात सतरा वर्षं ती हेच करत आली होती. बरी झालेली माणसं आणि न झालेली माणसं, दोघांच्याही फायली सारख्याच जाडीच्या होतात, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. तिनं तीन फायलींवर नंबर टाकले. चौथीवर तोच नंबर पुन्हा टाकला. बगळी आईची. बगळीची माय विताना गेली तेव्हा आईनं, सिंधूताईनं, त्या वासराला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं, रात्रीतून दोनदा उठून. पांढरीशुभ्र, उंच पायांची, चिखलातसुद्धा पाय जपून टाकणारी, म्हणून बगळी. आई गेल्यावर घरात बाबा आणि बगळी अशी दोघंच राहिली. विशाखा दर रविवारी जायची तेव्हा बाबा तिच्याशी बोलायचे त्यापेक्षा गायीशी जास्त बोलायचे. बोलणं तरी काय, 'सरक', 'पाय उचल', 'झालं का पिऊन'. पण पहाटे पाचाला ते उठायचे ते त्या 'सरक'साठी. रविवारनंतर ते कशासाठी उठतील? शहरातल्या तिच्या एका खोलीच्या फ्लॅटवर येतील, बाल्कनीत खुर्ची टाकून बसतील आणि तिथंच हळूहळू संपतील. हे तिला दिसत होतं, आणि बाबांनाही दिसत असणार. तरी त्यांनी फोनवर 'तू ये' म्हटलं नाही. 'काही कर' म्हटलं नाही. सांगून ठेवलं, बस.

मागायचं नाही, हा त्यांच्या घरचा कायदा होता. कोणी तो शिकवला नव्हता, पण चुलीच्या धुरासारखा तो भिंतींना बसला होता. शेजारी साखर मागायची नाही. शाळेत कोणाची वही मागायची नाही. कोणी आपणहून दिलं तर 'नको' म्हणायचं, मग घ्यायचं की नाही ते पाहायचं. ती लहानपणी याला स्वाभिमान समजायची आणि तो होताही. पण मोठेपणी तोच कायदा तिच्याबरोबर शहरात आला, नोकरीत आला, संसारात आला. नवऱ्याची पुण्याला बदली झाली तेव्हा तो महिनाभर घरात सामान बांधत हिंडत होता आणि ती त्याला दोऱ्या आणून देत होती. दोन वर्षांनी, सगळं कागदोपत्री तुटल्यावर, तो फोनवर म्हणाला होता, तू एकदा थांब म्हटलं असतंस तर थांबलो असतो गं. ती त्यावर काय बोलली ते तिला आता आठवत नव्हतं. बहुधा 'बरं' म्हणाली असेल. फायलींची चळत तिनं बाजूला सारली आणि उठून विभागातल्या तरुण साहेबांच्या केबिनशी गेली. दारात उभं राहून, आपलाच आवाज लांबून ऐकल्यासारखा ऐकत, तिनं अर्ध्या दिवसाची सुटी मागितली. कारणही तयार ठेवलं होतं. साहेबांनी कारण विचारलंच नाही. स्क्रीनवरून नजर न काढता ते म्हणाले, जा ना मॅडम. सतरा वर्षांत तिनं पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि ते इतकं हलकं निघालं की जिन्यावरून उतरताना तिला उगाचच राग आला.

कोराडी रोडवर कोळशाच्या ट्रकांच्या मागे स्कूटी घालून ती निघाली. जानेवारीचं ऊन अंगाला बरं वाटत होतं. दूर वीज केंद्राच्या चिमण्यांचा धूर एकाच बाजूला कललेला. बाबांनी त्या चिमण्यांखाली एकतीस वर्षं नोकरी केली आणि नोकरीच्या बळावर गावाबाहेर दोन एकर घेतलं. गावात कृत्रिम रेतनाचे डॉक्टर पहिल्यांदा आले ते बाबांनी बोलावले म्हणून. तो दिवस तिला आठवत होता. ती नऊ-दहा वर्षांची असेल. आईनं तिला 'आत जाय वं' म्हणून घरात ढकललं आणि दाराला कडी घातली. मग तिनं खिडकीच्या फटीतून पाहिलं होतं: डॉक्टरांचा खांद्यापर्यंत प्लास्टिकनं झाकलेला हात, गायीची ताणलेली मान, आणि बाबांचा चेहरा. बाबा हसत होते. ते असे हसलेले तिनं क्वचितच पाहिले होते. गावातली बाकी माणसं तेव्हा गाय सांडाला दाखवायला नेत. 'गाय दाखवायची आहे' असं म्हणत. पुढे तिला पाहायला पाहुणे येऊ लागले तेव्हा आईच्या तोंडून 'पोरगी दाखवायची हाय' ऐकताना तिला तो शब्द नेमका कुठून ओळखीचा वाटतो ते कळलं होतं, आणि तिचे कान तापले होते. आमच्या बाबांना सांड नको, विज्ञान पाहिजे, असं ती मैत्रिणींना अभिमानानं सांगायची. इतक्या वर्षांत त्या हसण्याचा दुसरा काही अर्थ असेल असं तिच्या मनात आलं नव्हतं.

बगळी खुंट्याभोवती फिरत होती. पुढ्यातला कडबा तसाच पडला होता. शेपटीखालून काचेसारखी स्वच्छ तार लोंबत होती आणि ती मान उंचावून नाल्यापलीकडे पाहून हंबरत होती. बाबा ओट्यावर बसले होते. विशाखाला पाहून ते चकित झाले नाहीत, फक्त म्हणाले, काहून आली, ड्युटी नाही का. तिनं हेल्मेट खाली ठेवलं. मागच्या खेपेला डॉक्टर काय म्हणाले होते ते तिला बाबांनीच सांगितलं होतं: आता कांडी पुरे, काही गायी कांडीनं राहत नाहीत, सांडानं राहतात, एकदा चांगल्या सांडाला दाखवून पाहा. आणि चांगला सांड नाल्यापलीकडे होता. नानाजींचा गवळाऊ वाणाचा, पंचक्रोशीतला तेवढाच. माज संध्याकाळपर्यंत ओसरणार. हे सगळं तिनं भराभर बोलून दाखवलं. बाबा ऐकत होते, पण त्यांची नजर तिच्यावर नव्हती.

"नानाजीच्या दारात आपली गाय जात नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते इतक्या सपाट आवाजात सांगितलं, की दुसऱ्या कोणाचं सांगताहेत असं वाटावं. ते बारा वर्षांचे होते. त्यांच्या बापानं नुकतीच एक गाय घेतली होती, घरातली पहिली. धम्मदीक्षा घेतल्यापासून वस्तीनं मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं आणि गावानं ते विसरू दिलं नव्हतं. बाप मजुरीला गेला होता, म्हणून बळीरामला, म्हणजे बाबांनाच, गाय घेऊन नानाजीच्या घरी पाठवलं. नानाजीचा बाप गणपतराव ओसरीवर होता. तो म्हणाला, तुम्ही मेलेलं ढोर ओढणं सोडलं, मग जित्या ढोराचं आमच्याकडे काय काम? पोर फाटकाबाहेर बाभळीखाली गाय धरून उभा राहिला. आतून सांड हुंकारत होता, गाय दोर ओढत होती. बाया पाण्याला गेल्या, आल्या. दुपार झाली. फाटकाशी नानाजी उभा होता, त्याच्याच वयाचा, फाटकाचा दांडा धरून. "कोणी नाही म्हटलं नाही," बाबा म्हणाले. "हो बी म्हटलं नाही. सांजच्याले गाय थंडी झाली. मी घेऊन आलो. माह्या बापानं काही म्हटलं नाही. पुढच्या बाजाराले गाय इकून टाकली."

ओट्यावर साचलेली चिमण्यांच्या राखेची पातळ साय त्यांनी बोटानं पुसली, बोट पाहिलं, धोतराला पुसलं.

"कांडीले जात नसते, माय," ते म्हणाले.

तर तो त्या दिवशीच्या हसण्याचा अर्थ होता. विशाखाला खिडकीची फट आठवली, तो उजेड, तो चेहरा, आणि तिला वाटलं की आपण आयुष्यभर या माणसाकडे एका बंद दाराआडून पाहत राहिलो. साठ वर्षं त्यांनी कोणाच्या फाटकाशी उभं राहायचं नाही म्हणून काय काय केलं: नोकरी धरली, जमीन घेतली, डॉक्टर आणले, तिला शिकवलं. आणि आता बाटलीवर वाढवलेली गाय कवडूच्या गाडीत चढवायलाही तयार झाले. ते चूक आहेत असं तिला म्हणता येईना. बगळी पुन्हा हंबरली. विशाखा उठली, खुंट्याचा दोर सोडला आणि हाताला गुंडाळला. बाबांनी तिला अडवलं नाही. तिची पाठ वळल्यावर ते म्हणाले, "तुलेबी उभं ठेवतीन." ती म्हणाली, "ठेवू द्या. मी पाहीन."

नाल्यात पाणी घोट्याएवढंच होतं. तिनं सॅंडल हातात घेतल्या. गाय तिला ओढत होती, ती गायीला आवरत होती, आणि चालता चालता तिच्या मनात वाक्यं जुळत होती, तुटत होती. काय म्हणायचं? आमच्या गायीला तुमचा सांड हवा आहे. त्रेचाळीस वर्षांच्या बाईनं परक्या पुरुषासमोर हे कोणत्या शब्दांत मागायचं? हॉस्पिटलात रोज ती याहून उघडी वाक्यं फायलींत वाचत होती, पण ती इंग्रजीत असत आणि तिची नसत. बाभळीचं झाड तिनं शोधलं. तिथं झाड नव्हतं, विजेचा खांब होता. फाटकही लोखंडी होतं, निळं, अर्धं उघडं. अंगणात एक म्हातारी तुरी झोडत होती. ती नानाजींची बायको जयवंता. तिनं गायीकडे पाहिलं, गायीच्या शेपटीकडे पाहिलं आणि विशाखाला काही बोलावंच लागलं नाही.

"आहो, गाय आली," तिनं आत वळून सांगितलं. मग विशाखाला, "कोणाची होय वं तू?"

"बळीरामजींची मुलगी."

जयवंतेचा हात थांबला. तुरीच्या काड्या तिनं खाली ठेवल्या. आतून नानाजी काठी टेकत आले, दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला वाकलेले, जाड काचेचा चष्मा. त्यांनी ते ऐकलं होतं. ते बराच वेळ गायीकडेच पाहत राहिले. विशाखाच्या मनगटाला दोराचा पीळ बसला होता. आता हे काय म्हणतील याची ती वाट पाहत होती, आणि तिच्या ध्यानात आलं की आपण फाटकाच्या बाहेर उभे आहोत. आपल्याला कोणी थांबवलेलं नाही, आपणच थांबलो आहोत. ती आत गेली. अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गाय दाखवायची आहे." आवाज थोडा मोठाच निघाला.

"तीन खेपा कांडी भरली असंन," नानाजी म्हणाले. तिनं मान हलवली. त्यांनीही हलवली. मग गोठ्याकडे हात केला. सांड तिथं बांधलेला होता, राखाडी-पांढरा, वशिंडाशी काळसर, आणि त्याला गायीचा वास आलेला होता. दावं ताणून तो जमीन उकरत होता. नानाजी म्हणाले की त्यांचा मुलगा रोहित हिंगण्याला कंपनीत आहे, दुसऱ्या पाळीला गेला तो आता रात्री अकरालाच येईल. सांड दोन दोरांवर धरावा लागतो. त्यांच्या एकट्याच्यानं आता होत नाही, आणि बाईमाणसाच्या हाताचं ते काम नाही. विशाखाला हसू आलं. तोच नकार, फक्त चांगल्या कपड्यांतला, असं तिला वाटलं. ती दोर फिरवून वळणार, तेवढ्यात ते म्हणाले, "बळीरामले बोलाव. त्याले म्हण, नानाजी म्हणते, माह्याच्यानं एकट्यानं होत नाही. ये म्हणा."

तिनं फोन लावला. बाबांनी तो पहिल्याच घंटीला उचलला, म्हणजे तो त्यांच्या हातातच असणार. तिनं शब्द न बदलता निरोप सांगितला. पलीकडे श्वास, आणि त्यामागे गायीविना रिकाम्या गोठ्याची शांतता.

"त्यानं म्हटलं, का तू मनानं सांगून राहिली?"

"त्यांनी म्हटलं, बाबा."

फोन बंद झाला. 'येतो'ही नाही, 'येत नाही'ही नाही. जयवंतेनं बगळीपुढे बादलीत पाणी ठेवलं. ती प्यायली नाही. विशाखा उभी होती. ऊन खांद्यावरून पाठीवर सरकलं. किती वेळ गेला हे घड्याळात पाहायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. साठ वर्षांपूर्वीचा एक मुलगा जसा उभा असेल तसं उभं राहून पाहावं असं काहीतरी तिच्या मनात होतं, पण ते जमेना. तिच्या पायांत वहाणा होत्या, पर्समध्ये पाण्याची बाटली होती, कोणी हाकललं तर ती ओरडू शकत होती. त्याच्याकडे यातलं काही नव्हतं. मग नाल्याच्या उतारावर पांढरं डोकं दिसलं. बाबांनी नवा सदरा घातला होता.

फाटकाशी ते थांबले. नानाजी काठी टेकत त्यांच्यापर्यंत गेले. दोघं जवळजवळ सारखेच वाकलेले. नानाजी खाली पाहून बोलले, तरी तिला ऐकू आलं.

"तवा फाटक माह्या हातात होतं, बळीराम."

"हो."

"मी उघडलं नाही."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "तूबी बारा वर्साचा होता. मीबी बाराच वर्साचा होतो." त्यात माफी होती की नव्हती, हे तिला पुढेही कधी ठरवता आलं नाही. मग ते आत आले, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि म्हणाले, "धर गा तो दोर. मी इकडून धरतो."

बगळीचं तोंड विशाखानं धरायचं होतं. लहानपणी तिला जे पाहू दिलं नव्हतं ते आता तिच्या हातांतून होणार होतं. बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, ओशाळल्यासारखं, आणि मग त्यांना सवड राहिली नाही. दोन म्हातारे दोन बाजूंनी दोर ताणून, एकमेकांना 'ढील दे', 'दे गा', 'आता ओढ' म्हणत, त्या प्रचंड जनावराला आणत होते. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. सांडाचा वास आधी आला, उग्र, ओल्या मातीसारखा. बगळी, सकाळपासून खुंट्याभोवती नाचणारी बगळी, एकाएकी स्तब्ध झाली. तिनं कपाळ विशाखाच्या छातीला टेकवलं. मग तो भार आला. गायीच्या अंगातून तो विशाखाच्या फासळ्यांवर आला, ती एक पाऊल मागे सरली, टाच रोवून उभी राहिली. गायीचा गरम श्वास तिच्या पोटावर सुटत होता. तिनं डोळे मिटले नाहीत. दहा आकडे मोजायच्या आत ते संपलं. सांड उतरला आणि जणू काही झालंच नाही अशा तऱ्हेनं तुरीच्या काड्यांकडे वळला. साठ वर्षं, आणि काम एवढंसं. तिला वाटलं आपल्याला रडू येतंय, पण तिचे हात गायीच्या गालांवर होते आणि ते तिथून काढायची तिला इच्छा नव्हती.

सांड बांधल्यावर नानाजींना उभं राहवेना, ते बादली पालथी घालून बसले. जयवंता चहाचं विचारायला आली. बाबा म्हणाले, नको, गायीले चालवत न्यावं लागते, बसू देऊन चालत नाही. ते खरंही होतं आणि निमित्तही होतं. फाटकातून बाहेर पडताना नानाजी मागून म्हणाले, "उलटली तं परत आण." बाबा चालत राहिले. चार पावलांवर, मागे न वळता, ते म्हणाले, "आणतो." कोणाच्या दारी परत जायचं कबूल करणारा शब्द त्यांच्या तोंडून तिनं कधी ऐकला नव्हता. नाल्याशी त्यांनी तिच्या हातातून दोर घेतला. तिच्या मनगटावरचा वळ पाहून ते म्हणाले, तेल लाव. मध्येच एकदा ते बगळीला म्हणाले, सिंधू असती तं आज मले हासली असती.

रविवारी कवडू आला. बाबांनी त्याला ओट्याखालूनच परत पाठवला, महिनाभरानं पाहू म्हणाले. विशाखा मग कामावर एकवीस दिवस मोजत राहिली. रोज सकाळी ती स्वतःहून फोन करायची आणि 'खाल्लं का तिनं' असं विचारायची. अठराव्या दिवसापासून तिला झोप लागेना. बाविसाव्या दिवशी तिनं पुन्हा साहेबांकडे सुटी मागितली आणि सकाळीच गावी गेली. बगळी गोठ्यात बसून रवंथ करत होती, डोळे अर्धे मिटलेले. हंबरणं नाही, फिरणं नाही, शेपटीखाली काही नाही. विशाखानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. बाबा घरात नव्हते. ओट्यावर त्यांचा चहाचा कप तसाच होता. ती वाट पाहत बसली. तासाभरानं ते नाल्याच्या बाजूनं आले, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं.

"कुठं गेले होते?"

"तिकडे," ते म्हणाले. "राहिली वाटते म्हणून सांगाले. त्याचा सांड हाय, त्याले सांगा लागते."

"मग? बसले का तिथं?"

त्यांनी पाय पुसले. एक पुसला, मग दुसरा. गोठ्याकडे पाहिलं.

"नाही. फाटकातूनच सांगितलं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, तिला नाही, आपल्यालाच समजावल्यासारखं, "वासरू झाल्यावर बसीन."